कोरडवाहू शेती, हवेचे नियमन आणि हवामानबदल: वाशीम जिल्ह्याची पार्श्वभूमी

शेतातल्या कुटाराचा, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाचा, ढीग पेटला की त्यातून तीन गोष्टी निघून जातात. धुरातले सूक्ष्म कण हवेत मिसळतात. त्यांचा संबंध १९८१ च्या हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमाशी येतो. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे वायू वातावरणात जातात. त्यांची मोजदाद हवामानबदलाच्या राष्ट्रीय अहवालात होते. काळ्या जमिनीला परत मिळू शकला असता तो सेंद्रिय कर्बही जळून जातो, आणि तो विषय कृषी खात्याचा. आग एकच असली तरी तिचा हिशेब तीन दप्तरांत विभागला गेला आहे. वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात धोरणाची खरी अडचण या विभागणीतच आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ९७ हजार. जिल्ह्याचा बराचसा भाग अजिंठ्याच्या रांगांचे फाटे पसरलेल्या पठारावर आहे आणि हे पठार पाणलोटाचा माथा आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला पूर्णेकडे, म्हणजे तापीच्या खोऱ्यात जाते. अडाण, अरुणावती आणि पूस या नद्यांचे पाणी पैनगंगेतून पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. नद्या इथे उगम पावतात, पण मोठ्या होतात त्या जिल्ह्याबाहेर. माथ्यावरच्या हलक्या, उथळ जमिनीत पाणी फार काळ टिकत नाही. कालव्याचे पाणी थोड्या शिवारापुरते आहे. बाकी सगळी मदार जून ते सप्टेंबरच्या पावसावर. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर वाशीमची निवड झाली. 

खरिपाच्या सुमारे चार लाख हेक्टर पेऱ्यापैकी जवळपास तीन लाख हेक्टर एकट्या सोयाबीनचे असतात. त्यात तुरीची तासे, मानोरा आणि कारंजा भागात कपाशी, थोडे मूग-उडीद; रब्बीत हरभरा आणि जिथे विहिरीला पाणी आहे तिथे गहू. अलीकडे काही शेतकरी चियाकडेही वळले आहेत. चार दशकांपूर्वी चित्र वेगळे होते. ज्वारी आणि कपाशी ही वऱ्हाडच्या पठाराची जोडी होती. ज्वारीचा कडबा बैलांना, गायींना पुरत असे. गोठ्यातले शेण उकिरड्यावर कुजून उन्हाळ्यात शेतात पडत असे. सोयाबीन कमी दिवसांचे, नगदी आणि रब्बीला वाव देणारे पीक. त्याने ज्वारीची जागा घेतली आणि ते घेणे शेतकऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच होते. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे घटली, जनावरांबरोबर शेणखत. पेरणीला ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आले. गोठ्यातून जाणारा चक्राचा दुवा असा तुटला, आणि पूर्वी चारा असलेला शेतातला उरलेला भाग हळूहळू अडगळ बनला. आजचे जाळणे समजून घ्यायचे तर हा बदल आधी लक्षात घ्यावा लागतो. त्याकडे दुर्लक्ष करून जाळण्याला शेतकऱ्याची वाईट सवय म्हणणे अन्यायाचे आहे.

जळते ते सगळे एकाच प्रकारचे नसते आणि एकाच वेळीही जळत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी होते, सुड्या लागतात, मळणी होते आणि मळणीच्या जागी कुटाराचा ढीग उरतो. हरभरा पेरायचा असतो आणि जमिनीतली ओल रोज कमी होत असते. जनावरे असतील तर कुटार घरी येते, नसतील तर ढीग तिथेच पेटतो. जानेवारीपर्यंत तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या निघतात. त्यातला मोठा वाटा चुलीत जातो. मार्च-एप्रिलमध्ये गहू हार्वेस्टरने काढला की उभे काड आणि धसकटे राहतात. मृगापूर्वी धुऱ्यावरचे वाळलेले गवत आणि काडीकचरा पेटवला जातो, आणि कधी ही आग धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या शिवारात किंवा जंगलाच्या कडेला जाते. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यासारखी गवताळ राने अशा आगीपुढे फार नाजूक असतात.

कपाशीच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम मोडायचा असेल तर फरदड (जुन्याच झाडांवर लांबवलेले पीक) घेऊ नये, हंगाम वेळेत संपवावा आणि पऱ्हाटी शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नये, असे कृषी विभाग आणि विद्यापीठे सांगतात. २०१७ मध्ये विदर्भात बोंडअळीने जे नुकसान केले त्यानंतर हा आग्रह वाढला आणि तो योग्यच आहे. मात्र पऱ्हाटी लवकर हलवा हे सांगताना ती कुठे न्यायची, कशाने बारीक करायची आणि त्याची मजुरी कोणी द्यायची, हे ठरलेले नसेल, तर शेतकऱ्याच्या हाती काडेपेटी एवढाच स्वस्त उपाय राहतो. किडीचा नियम आणि हवेचा नियम इथे एकमेकांना छेद देतात.

कायद्याची बाजू अशी आहे. १९८१ च्या अधिनियमातील कलम १९ राज्य शासनाला हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र घोषित करण्याचा अधिकार देते. त्याच कलमाच्या पोटकलम ५ नुसार, अशा क्षेत्रात इंधन नसलेली कोणतीही वस्तू जाळल्याने प्रदूषण होत असेल, तर शासन राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून तिच्यावर बंदी घालू शकते. या तरतुदीतला इंधनाचा अपवाद ग्रामीण भागासाठी महत्त्वाचा आहे. शेतात पेटवलेली तुराटी नियमाच्या कक्षेत येऊ शकते. तीच तुराटी चुलीत गेली की ती इंधन ठरते आणि कक्षेबाहेर जाते. स्वयंपाकघरातला धूर घरातल्या बाईच्या आणि लहान मुलांच्या छातीत शेतातल्या धुरापेक्षा कितीतरी जास्त तास जातो. त्याच्यासाठी वेगळी योजना लागली, ती २०१६ ची उज्ज्वला. गॅसची जोडणी आली तरी दुसरी टाकी परवडत नाही तिथे पऱ्हाटी चुलीत जातच राहते.

पिकांचे अवशेष जाळण्याचा प्रश्न देशाच्या पातळीवर आला तो दिल्लीच्या हवेमुळे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १० डिसेंबर २०१५ च्या आदेशाने पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीत अवशेष जाळण्यास मनाई केली आणि जमिनीच्या आकारानुसार २,५००, ५,००० व १५,००० रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठरवली. २०२१ च्या कायद्याने राजधानी परिसरासाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग नेमला. त्या कायद्यातली कैदेची शिक्षा शेतकऱ्यांना लागू होणार नाही, भरपाई मात्र वसूल करता येईल, अशी सोय त्यात आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये भरपाईचे दर दुप्पट झाले. त्याआधी २०१८ पासून पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीतल्या शेतकऱ्यांना अवशेष व्यवस्थापनाच्या यंत्रांसाठी केंद्राचे अनुदान सुरू झाले होते: वैयक्तिक शेतकऱ्याला ५० टक्के, गटांना ८० टक्के. दंडाबरोबर तिथे यंत्रेही आली, हे महत्त्वाचे. वाशीमच्या वाट्याला त्या योजनेतले काही आले नाही, कारण वाशीमचा धूर दिल्लीला जात नाही.

हवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची आखणीही शहरांभोवतीच झाली. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सुमारे १३० शहरे आहेत. महाराष्ट्रातल्या अकोला, अमरावती आणि जालना ही वाशीमच्या आसपासची शहरे त्यात आहेत, वाशीम नाही. हवेची मानके मात्र सगळ्या देशाला सारखी आहेत. नोव्हेंबर २००९ च्या मानकांनुसार २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची मर्यादा वार्षिक सरासरीत घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांत ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला याहून फार कडक, वार्षिक ५ आणि २४ तासांत १५ मायक्रोग्रॅमचा. मानक खेड्यालाही लागू असले तरी मापक खेड्यात नसतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय अकोल्यात आहे आणि त्याचे रोजचे काम कारखाने, खडी केंद्रे, सांडपाणी यांच्याभोवती फिरते. शिवारातला धूर कोणी मोजावा, याचे उत्तर कागदावरही स्पष्ट नाही.

शेतीतली हवा या जिल्ह्यात सरकारी आदेशाचा विषय एकदा ठळकपणे झाली, आणि ती धुरामुळे नव्हे. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोक रुग्णालयात गेले. पावसाळ्यात माथ्यापर्यंत वाढलेल्या कपाशीत, दमट आणि स्थिर हवेत, मिसळलेल्या औषधांचा फवारा श्वासावाटे आणि कातडीवाटे आत गेला. पुढच्या वर्षी राज्य शासनाने कीटकनाशक अधिनियम, १९६८ मधील अधिकार वापरून यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन यांसह पाच कीटकनाशकांची विक्री व वापर ६० दिवसांसाठी थांबवला. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के एसएल या प्रकारावर बंदीचा निर्णय केंद्राने २०२३ मध्ये घेतला. यातला बोध धोरणासाठी मोलाचा आहे. हवा अधिनियमाच्या चौकटीत फवाऱ्याचे थेंब सहज बसत नाहीत, कारण त्याची नजर मुख्यतः धुराड्यावर आहे. फवारणी करणाऱ्या मजुराच्या नाकासमोरच्या एक मीटर हवेचे रक्षण करायचे तर ते कीटकनाशकाच्या परवान्यातून, पंपाच्या नोझलमधून, मास्क-हातमोज्यांच्या उपलब्धतेतून आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरच्या सल्ल्यातून करावे लागते. शेती आणि हवा यांच्या नात्यातला माणसाच्या जिवाशी सर्वांत जवळचा भाग हाच आहे. हवामानाच्या चर्चेत तो बहुधा मागे पडतो, तो पडू नये.

शेतकरी हवा बिघडवतो तसाच बिघडलेल्या हवेचा मारही सोसतो. समृद्धी महामार्गाचा मोठा टप्पा कारंजा-मालेगाव पट्ट्यातून गेला. नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा कामाच्या काळात मुरूम, खडी आणि डंपरची धूळ रस्त्याकडेच्या पिकावर बसते. पानावर धुळीचा थर बसला की प्रकाश कमी पोहोचतो आणि पानाची रंध्रे बुजतात. डोळ्यांना न दिसणारा त्रास ओझोनचा आहे. वाहने आणि वीजकेंद्रे यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड, काही कार्बनी वाफा आणि मिथेन यांच्यावर उन्हाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो रंध्रांतून पानात शिरतो आणि दाणा भरण्याची ताकद कमी करतो. सोयाबीन आणि गहू ही दोन्ही पिके ओझोनला संवेदनशील म्हणून ओळखली जातात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर २००१ पासून उघड्या शेतातच ओझोन आणि कार्बन डायऑक्साइड वाढवून सोयाबीनवर प्रयोग चालू आहेत. ज्या जिल्ह्याचे अर्थकारण सोयाबीनच्या दाण्यावर उभे आहे, त्या जिल्ह्यासाठी शहरातल्या आणि वीजकेंद्रातल्या हवेचे नियमन हा पीक संरक्षणाचाच भाग ठरतो.

हवामानबदलाचा अनुभव इथे पावसाच्या वेळापत्रकातून येतो. वर्षाच्या एकूण पावसावरून फारसे कळत नाही. तो कधी आणि किती तासांत पडला यावर पीक ठरते. सोयाबीनला जूनअखेर पेरणीची ओल हवी, ऑगस्टमध्ये फुलोऱ्याला आणि शेंगा भरताना खंड नको, आणि सप्टेंबरअखेर उघडीप हवी. गेल्या दशकात या तिन्ही ठिकाणी ठेच लागली आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या आणि अवकाळी पावसाने राज्यभर कापणीला आलेले, सुडीत असलेले सोयाबीन भिजवले. शेंगांना कोंब फुटले. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या ताणातून सावरण्याआधीच विदर्भातल्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या या विषाणूजन्य रोगाला कोरडे, उबदार दिवस मानवतात. रब्बीतही सुरक्षितता राहिलेली नाही. ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारपिटीने वाशीमसह बुलडाणा, जालना भागातला हरभरा आणि गहू झोपवला.

या बदलात वाशीमच्या शेतीचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न धोरण ठरवताना टाळता येत नाही. भारताच्या २०१९ च्या राष्ट्रीय गणनेत हरितगृह वायूंपैकी सुमारे १३ टक्के शेतीतून येतात. तीन-चतुर्थांश ऊर्जा क्षेत्रातून. शेतीच्या वाट्यातही पहिला क्रम जनावरांच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा, नंतर नत्रखतांमुळे जमिनीतून सुटणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा आणि भातखाचरांचा. वाशीममध्ये भात जवळजवळ नाही. सोयाबीन, तूर, हरभरा ही सारी मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र घेणारी पिके. त्यांना युरिया कमी लागतो. जनावरे घटत आलेली. म्हणजे इथली एकरी उत्सर्जने पंजाबच्या भात-गव्हाच्या शेतीपेक्षा स्वभावतःच कमी आहेत. नत्रखतांकडे दुर्लक्ष करावे असा याचा अर्थ नाही. नायट्रस ऑक्साइडची उष्णता धरण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट मानली जाते, आणि कपाशी व गव्हाला दिलेल्या युरियातला मोठा भाग पिकाच्या कामी न येता हवेत किंवा पाण्यात जातो. २०१५ पासून देशातला सगळा युरिया कडुनिंबाचे आवरण देऊनच तयार करण्याचे बंधन आले, २०१८ मध्ये गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली. खत, खर्च आणि हवा या तिन्ही बाजूंनी हिताचे असे ते पाऊल होते, आणि त्यासाठी शेतकऱ्यावर कोणताही दंड लावावा लागला नाही.

एक तांत्रिक बाब इथे स्पष्ट करायला हवी. अवशेष जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड राष्ट्रीय गणनेत उत्सर्जन म्हणून धरत नाहीत, कारण पुढच्या हंगामात तेवढाच कार्बन नवे पीक हवेतून घेते. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड तेवढे धरले जातात. त्यामुळे हवामानाच्या कागदावर शेतातली आग लहान दिसते. जमिनीच्या कागदावर ती मोठी आहे. भाताच्या काडाच्या अभ्यासांत असे मांडले गेले आहे की जाळल्यावर त्यातला जवळजवळ सर्व सेंद्रिय कर्ब आणि सुमारे ८० टक्के नत्र जातो. सोयाबीनच्या कुटारातही नत्र भरपूर असल्याने तोटा कमी नाही. ज्या पठारावर सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे, तिथे प्रत्येक पेटलेला ढीग पुढच्या ऑगस्टमधल्या खंडात जमिनीची ओल धरण्याची ताकद कमी करतो. वाशीममध्ये स्वच्छ हवा आणि हवामानाशी जुळवून घेणारी शेती ही दोन वेगळी कामे राहत नाहीत. अवशेष मातीत परत गेला तर दोन्ही साधतात.

हवामानाच्या दृष्टीने आखलेला राज्यातला सर्वांत मोठा शेती कार्यक्रम म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या बोलण्यातला 'पोकरा'. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जातून २०१८ मध्ये तो सुरू झाला. मराठवाड्याचे आठ, विदर्भातले वाशीमसह सहा आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावे त्यात आली. शेततळी, ठिबक-तुषार, फळबाग, शेतकरी गटांची अवजार बँक, बीजोत्पादन असे त्याचे अनेक घटक. सोयाबीनच्या पट्ट्यात त्यातले सर्वांत उपयोगी काम रुंद सरी वरंब्याचे झाले. वरंब्यावर तीन-चार ओळी आणि बाजूला सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघते, कमी झाला तर सरीतच मुरते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि रिसोड तालुक्यातले करडा येथील कृषी विज्ञान केंद्र या जिल्ह्यात अशा पद्धती आणि नवे वाण पोचवण्याचे काम करतात. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा पद्धतीचाही प्रसार प्रकल्पातून झाला. तिच्यात गादीवाफे कायम ठेवतात, नांगरणी करत नाहीत, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात आणि वरचा भाग आच्छादन म्हणून वापरतात. तणनाशकावरचा भर हा तिचा दुबळा भाग आहे आणि त्यावर आणखी काम व्हायला हवे. तरीही जाळण्याला जागाच न ठेवणारी पद्धत म्हणून ती धोरणकर्त्यांनी गांभीर्याने पाहावी अशी आहे.

नुकसान भरून काढण्याची यंत्रणा वेगळी चालते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला, तो २०२५ च्या खरिपात बंद झाला. स्थानिक आपत्ती झाली तर ७२ तासांत कळवावे लागे, आणि महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी समजली जाते. हे मोजता यावे म्हणून महावेध प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत उभी राहिली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा हे सारे आता मंडळपातळीवर कळते. याच खांबांवर निवडक ठिकाणी कणमापक बसवले, तर खेड्यातल्या हवेची पहिली खरी नोंद फार खर्च न करता मिळू शकेल. मोजमाप झाल्याशिवाय केलेला नियम गरीब शेतकऱ्यावर अंदाजाने लादल्यासारखा होतो.

अवशेषांना बाजार मिळाला तर जाळणे आपोआप कमी होईल, असे बोलले जाते. त्यात तथ्य आहे, पण मर्यादाही आहेत. पऱ्हाटी आणि कुटार दाबून केलेल्या कांड्यांना पांढरा कोळसा म्हणतात. विदर्भात त्याचे कारखाने आहेत. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या, पेलेट आणि कंपोस्ट करण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशाबरोबर ५ टक्के, पुढे ७ टक्के शेतअवशेषांच्या पेलेट जाळण्याचे बंधन घातले. वाशीमच्या जवळ अकोला जिल्ह्यात पारसचे ५०० मेगावॉटचे केंद्र आहे. मात्र पऱ्हाटी हलकी आणि फार जागा व्यापणारी असते. ट्रॅक्टरची ट्रॉली भरली तरी वजन थोडे, आणि वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे वाहतूकच किंमत खाऊन टाकते. म्हणून ती शिवारातच बारीक करणारे यंत्र आणि गावाजवळ गोळा करणारे केंद्र या दोन गोष्टी आधी लागतात. शिवाय काय विकावे आणि काय मातीत ठेवावे हेही ठरवावे लागते. पऱ्हाटी लाकडासारखी, सावकाश कुजणारी, त्यात अळीचा धोका; ती बाहेर जाणे बरे. सोयाबीनचे कुटार नत्रयुक्त, जनावरांना चालणारे, लवकर कुजणारे. ते गोठ्यात किंवा मातीतच राहायला हवे. सर्व अवशेषांना एकच नियम लावणारे धोरण इथे चुकेल.

परदेशांतले अनुभव या जिल्ह्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, तरी ते माहीत असावेत. नेदरलँड्समध्ये मे २०१९ च्या न्यायनिर्णयाने नत्राच्या उत्सर्जनाचे परवाने अडकले आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले. न्यूझीलंडने जनावरांच्या मिथेनवर आकार लावण्याची तयारी करून २०२४ मध्ये ती मागे घेतली. डेन्मार्कने २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावायचे ठरवले आहे. या तिन्ही देशांत दाट पशुपालन आणि मोठी शेते आहेत. भारताने २०२१ च्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेवर सही केली नाही, आणि दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याच्या दोन म्हशींवर कराचा भार येऊ नये ही त्यामागची भूमिका रास्त आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने दिलेले वचन २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सकल उत्पादनामागची उत्सर्जने ४५ टक्क्यांनी घटवण्याचे आहे. त्यात शेतीसाठी स्वतंत्र सक्ती नाही. शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराची केंद्रीय चौकट जानेवारी २०२४ मध्ये आली. छोट्या शेतकऱ्याला तिचा लाभ मिळायचा तर नोंदणी, माती परीक्षण आणि पडताळणीचा खर्च गटाने उचलावा लागेल. एकट्या सातबाऱ्यावर तो परवडणारा नाही.

आता २१ जिल्ह्यांत विस्तारलेल्या पोकराच्या दुसऱ्या टप्प्यात या सर्व धाग्यांना एका ठिकाणी आणण्याची सोय आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक गावी ग्राम कृषी संजीवनी समिती नेमून तिच्याकडून पाण्याचा ताळेबंद मांडून घेतला गेला: पाऊस किती, पिकांची गरज किती, तूट किती. त्याच बैठकीत अवशेषांचाही ताळेबंद मांडता येईल. गावात सोयाबीनचे कुटार किती निघणार, त्यातले किती गोठ्यांना लागते, किती शेतातच पसरायचे, पऱ्हाटीचे क्षेत्र किती आणि ती बारीक करायला अवजार बँकेत यंत्र कोणत्या आठवड्यात हवे, हे गावालाच सर्वांत चांगले कळते. ही आकडेवारी सप्टेंबरमध्ये, सोंगणीच्या आधी तयार झाली तर कृषी सहायकाला यंत्रांचे वेळापत्रक लावता येईल, पेलेट उद्योगाला पऱ्हाटीचा करार करता येईल, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कोणत्या गावांत कोणत्या आठवड्यात धुराचा धोका आहे हे आधी कळेल. यंत्र आणि करार पोहोचल्यानंतरही जिथे ढीग पेटतील, तिथेच मनाईचा अधिकार वापरणे न्याय्य ठरेल. त्यासाठी कृषी विभाग, पर्यावरण विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांना एकाच नोंदवहीवर काम करावे लागेल. हवा अधिनियमातली तरतूद आणि पोकराचा निधी या दोन्ही गोष्टी आजही उपलब्ध आहेत.